म्हातारपणासाठी घर बांधताय? आधी खोल्या मोजा



गेल्या महिन्यात मी आमच्या घराचा एक फोटो टाकला होता. पावसात भिजलेली कौलं, सोप्यातला झोपाळा, पुढं तुळस. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "प्लॅन पाठवा", "खर्च किती आला", "आम्हालाही असंच साधं, निसर्गात, जुन्या पद्धतीचं घर बांधायचंय." तिघांचे तर फोन आले. तिघेही माझ्यासारखेच निवृत्त. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

प्लॅन मी पाठवणार नाही, हे आधीच सांगतो. प्लॅन कुणीही काढून देतं. त्या फोटोत जे दिसत नाही ते सांगायचंय.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. शिक्षण बेळगावात, बी.कॉम. १९७३ साली बँकेत लागलो आणि २०११ ला निवृत्त झालो. मधल्या ३८ वर्षांत बदल्या बऱ्याच झाल्या, पण निम्मी नोकरी कर्जखात्यात गेली. लोकांच्या घरांचे किती नकाशे माझ्या टेबलावरून गेले याला हिशोब नाही. एक गोष्ट मात्र त्यात कायम दिसायची. अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ, फंडाचे पैसे हातात आलेले, आणि नकाशा तीन मजली. "खालचा आमचा, मधला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा." चार-पाच वर्षांनी त्याच रस्त्यानं जावं तर खालच्या मजल्यावर दोन माणसं आणि वर दोन कुलपं. हे पाहूनसुद्धा माझी पाळी आली तेव्हा मी तेच करायला निघालो होतो.

आमचा पहिला नकाशा चार बेडरूमचा होता. एक आमची, एक मुलाची, एक मुलीची, एक पाहुण्यांची. इंजिनिअरनं काढला, मी मान डोलावली. जागेवर दोरी मारायच्या दिवशी आमच्या मेस्त्रींनी विचारलं, "साहेब, घर दोघांचं की दहा जणांचं ते आदी सांगा की ओ. मग दोरी मारूया." मी म्हटलं, "पोरं येतात ना." ते म्हणाले, "येतात ते खरं. ऱ्हातात किती?"

घरी येऊन मी जुन्या डायऱ्या काढल्या. मला रोजनिशी ठेवायची सवय आहे, खर्च आणि पाहुणे दोन्ही लिहितो. २००७ ते २०११ या पाच वर्षांत मुलगा आणि मुलगी मिळून आमच्याकडे ५५ रात्री राहिले होते. म्हणजे वर्षाला ११. मग बँकवाल्याचा स्वभाव, बसलो आकडे मांडत. जादाच्या दोन खोल्या आणि एक न्हाणीघर मिळून ४०० चौरस फूट. मला त्या वेळी सांगितलेला दर चौरस फुटाला १,२०० रुपये, म्हणजे ४ लाख ८० हजार. तेवढी रक्कम ९ टक्क्यांनी ठेवीत ठेवली असती तर वर्षाचं व्याज ४३,२०० रुपये. भागिले ११. एका रात्रीला जवळजवळ ३,९०० रुपये. आणि वर त्या खोल्या वर्षभर झाडायच्या, पुसायच्या, त्यांची गळती काढायची, ती वेगळीच.

नकाशा फाडला. एक हजार चौरस फुटांचं घर बांधलं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, एक निजायची खोली, न्हाणी-संडास आणि मागं पडवी. बस्स.

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे बाबा, तुमच्या घरात आम्हाला खोली नाही." मी त्याला व्याजाचा हिशोब ऐकवला. आज वाटतं, त्या वेळी हिशोब ऐकवायची गरज नव्हती. तो खोलीबद्दल बोलत नव्हता. ते पुढं येईलच.

आता घर कशाचं बांधलं ते सांगतो, कारण फोन करणाऱ्यांचा तो मुख्य प्रश्न होता.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या. आमच्या भागात हा दगड जवळच मिळतो. खाणीतून काढताना तो नरम असतो, कापता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. लॉरी बेकर या वास्तुविशारदांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. इंग्लंडमधून येऊन ते केरळात स्थायिक झाले, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते सांगत असत की घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हे गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं. आम्हाला पाच मैल जमलं नाही, पण चिरा, वाळू, बांबू आणि माणसं सगळी तालुक्यातलीच होती. वासे आणि दारं जुन्या पाडलेल्या घरांतली विकत घेतली. मुरलेलं लाकूड, नव्या सागाच्या मानानं स्वस्त, आणि एक झाडही तोडायला लागलं नाही.

छप्पर मंगळूरी कौलांचं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, हे बेळगावात भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला खिडकी एकच, तीही लहान, आणि त्या बाजूला न्हाणी व अडगळीची जागा. सोपा पूर्वेला. पाखी चांगली तीन फूट बाहेर काढली, कारण जांभा पाणी पितो. भिंत भिजू दिली नाही तर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो.

पाण्याचा हिशोबही सांगतो, हा सगळ्यांना उपयोगी पडेल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. आमचं छप्पर पाखीसकट साधारण १२० चौरस मीटर. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ६,००० लिटर. मलप्रभा ज्या तालुक्यात उगम पावते तिथं असे दिवस मोजायला लागत नाहीत. जमिनीखाली २०,००० लिटरची टाकी बांधली. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून देतो, मग टाकी भरून घेतो. दोघांना दिवसाला २५० लिटर धरलं तर ८० दिवसांची बेगमी. टिळकवाडीत काँग्रेसची विहीर आपण सगळ्यांनी पाहिलीय. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं तेव्हा आधी पाण्याची सोय केली गेली. घर बांधताना आपण आधी फरशीचा रंग ठरवतो.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारा जुन्याच्या प्रेमात आहे. आता आमच्या सौ.चं म्हणणं ऐका.

मी पहिल्यांदा म्हटलं होतं की जमीन शेणानं सारवलेली ठेवूया, पायाला गार लागते. ती म्हणाली, "सारवणार कोण?" मी गप्प. ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या जुन्या घरात तुम्ही सोप्यात बसत होता. मी चुलीपाशी होते. तुम्हाला झोपाळा आठवतो, मला धूर आठवतो. उंबरा तुम्हाला शोभेचा वाटतो. भरलेली घागर घेऊन तो ओलांडताना तुमची आई दोनदा पडलेली मी पाहिलीय."

तिच्या अटी तिनं कागदावर लिहून दिल्या. सारवण नको, लाल कोबा चालेल. घरात एकही उंबरा नको. स्वयंपाकघराला दोन बाजूंनी खिडक्या, आणि ओटा तिच्या उंचीचा. संडास घरातच, बसायचा, धरायला दांडी, आणि न्हाणीचं दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद. मी म्हटलं, "आत्ता कशाला चाकाची खुर्ची?" ती म्हणाली, "आत्ता नको म्हणूनच आत्ता बांधायचं."

तिच्या एकाही अटीचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. माझ्या हौशींचं तसं म्हणता येणार नाही.

म्हणून पारंपरिक घराबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे. जुन्या घरातली निम्मी अक्कल हवापाण्याची होती, ती जरूर घ्यावी. उरलेलं घर बायकांच्या आणि गड्यांच्या कष्टावर उभं होतं, ते कष्ट आज कोण करणार हे ठरवल्याशिवाय ते घर मागू नये. आणि परंपरा म्हणजे तरी काय? ज्या कौलाला आपण परंपरा म्हणतो त्याचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशननं काढला. त्याआधी आपल्याकडं नळीची कौलं किंवा गवत. आपल्या पणजोबांनी जे नवं सोयीचं आलं ते घेतलंच की. मग मी छपरावर पाणी तापवायचा सोलर बसवला तर कुठला धर्म बुडतो?

आता माझ्या चुका.

पहिली चूक म्हणजे मला वाटलं कौलारू घर बांधलं की झालं. माकडांचा विचार केला नव्हता. पहिल्याच वर्षी एका दुपारी टोळी आली आणि पंचवीस-तीस कौलं फोडून गेली. पूर्वी घरात कुणीतरी कायम असायचं, कुत्रं असायचं, पोरं हाकलायची. आणि दर वर्षी पावसाआधी छपरावर चढून कौलं परतायला माणूस मिळायचा. आता तो मिळत नाही, मिळाला तर दोन महिने आधी सांगून ठेवावं लागतं. मी सत्तरीत छपरावर चढणार नाही. शेवटी कौलांखाली पत्रा घातला. फुटलं तरी घरात गळत नाही. शुद्धतावादी मंडळींना पटणार नाही, पण रात्री दोन वाजता पलंगाशेजारी घमेलं ठेवायला ती मंडळी येत नाहीत.

दुसरी चूक लाकडाची. जुनी दारं आणली, पण त्यातलं एक वाळवी लागलेलं होतं. वरून छान कोरीव काम, आतून भुगा. मेस्त्री नको म्हणत होते, मला ती कोरीव वेल आवडली. दोन वर्षांत चौकट बदलावी लागली.

तिसरी चूक जवळजवळ झालीच होती, आणि ती सगळ्यांत मोठी ठरली असती. मी पहिल्यांदा जी जागा पसंत केली होती ती गावापासून तीन किलोमीटर आत, रानाला लागून. समोर डोंगर, खाली ओढा. सौ. म्हणाली, "डोंगर बघायला छान. रात्री हाक मारली तर डोंगर येणार आहे का?" तिच्या हट्टापायी आम्ही गावातच, कडेची पाच गुंठे जागा घेतली. मी वर्षभर कुरकुरत होतो.

ऑगस्ट २०१९ मधला पाऊस आपल्या जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. आमच्याकडं तेव्हा लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. तिसऱ्या रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. मी छत्रीही न घेता शेजारच्या घराचं दार वाजवलं. त्यांच्या मुलानं जीप काढली. त्यांचं कुटुंब कन्नड बोलणारं, आमची रोजची ओळख ताटात काही घालून द्या-घ्यायची एवढीच. रस्त्यावर पाणी होतं. त्याला कुठल्या रस्त्यानं जायचं हे माहीत होतं, कारण तो तिथंच वाढला होता. पहाटेपर्यंत आम्ही बेळगावात दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत.

ती आज माझ्यासमोर बसून कोथिंबीर निवडतेय. मी डोंगराजवळ घर बांधलं असतं तर काय झालं असतं, हा हिशोब मी मांडत नाही. ओढा तर त्या रात्री ओलांडताच आला नसता.

म्हणून जे "निसर्गाच्या कुशीत" जागा बघताहेत त्यांना हात जोडून सांगतो, निसर्ग घराच्या परसात आणता येतो. आम्ही पाच गुंठ्यांत फणस, लिंबू, कढीपत्ता, केळी, अबोली लावली, पक्षी आपोआप आले. शेजार मात्र लावता येत नाही. तो आधीच असावा लागतो.

सामानाबद्दल थोडं. हल्ली "मिनिमलिस्ट" म्हणून जे घर दाखवतात ते बघून मला हसू येतं. रिकामी दिसणारी खोली करायला लाखो रुपये खर्च. आमच्याकडं ते सक्तीनं झालं, कारण एक हजार फुटांत जुन्या घरातलं सामान मावेना. तांब्याचे हंडे, वीस माणसांच्या पंगतीचे पाट, माझ्या कपाटभर फायली. हंडे दोन ठेवले, बाकीचे भाचरांना दिले. पाट देवळात दिले, तिथं अजून पंगत बसते. फायलींचं मला जड गेलं. तीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जांची पासबुकं कशाला जपायची हे मला स्वतःलाच सांगता येईना. जाळली. भिंतीतच कोनाडे आणि फडताळं ठेवली, खुंट्या मारल्या, लाकडी कपाट एकच. झाडायला वीस मिनिटं लागतात. माझ्या मते साध्या घराची हीच एक परीक्षा आहे. सत्तरीतलं माणूस ते स्वतः, कंबर न धरता, झाडू शकतं का?

आता मुलाची गोष्ट, जी राहिली होती.

मार्च २०२० मध्ये मुलगा, सून आणि दोन नातवंडं पुण्याहून चार दिवसांसाठी आली आणि लॉकडाऊन लागला. पाच महिने राहिली. खोली एक, माणसं सहा. सोप्यात गाद्या पडायच्या. नातवंडांनी पडवीत तंबू केला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या पाच महिन्यांत मुलगा जेवढा माझ्याशी बोलला तेवढा आधीच्या वीस वर्षांत बोलला नसेल, कारण जाऊन बसायला त्याला दुसरी खोलीच नव्हती. एका रात्री सोप्यात पडल्या पडल्या म्हणाला, "बाबा, तेव्हा मला राग खोलीचा नव्हता आला. तुम्ही आमच्या रात्री मोजून ठेवल्यात, त्याचा आला होता." मी काही बोललो नाही. त्याचं बरोबर होतं.

पण सगळं गोड झालं असंही नाही. सुनेचं ऑफिसचं काम घरून चालायचं. दिवसभर मीटिंगा, आणि लावायला दार असलेली खोली एकच, तीही आमच्या निजायची. बिचारी कधी न्हाणीत, कधी गाडीत बसून बोलायची. तक्रार केली नाही, पण मला दिसत होतं. तेव्हा कळलं की माझा हिशोब अर्धाच बरोबर होता. चार खोल्या चूक, पण दार लावता येणारी दुसरी एक खोली हवीच होती. घर म्हणजे नुसतं एकत्र बसणं नव्हे, कुणाला एकटं बसावंसं वाटलं तर त्याचीही सोय हवी. पुढच्या वर्षी पडवीचा निम्मा भाग बंद करून छोटी खोली केली. दहा बाय दहा, एक खिडकी, एक दार. तिच्या खर्चाला भागिले काही केलं नाही.

म्हणून पोस्टचं नाव "खोल्या मोजा" असं दिलं असलं तरी माझा सल्ला एवढाच. खोल्या मोजा. माणसांच्या रात्री मोजू नका. मोजल्यात तर निदान त्यांना सांगू नका.

शेवटची एक गोष्ट, ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी. नातीनं त्या पाच महिन्यांत विचारून विचारून सगळे शब्द पाठ केले. सोपा, माजघर, परसू, फडताळ, कोनाडा, आढं, वासा, रीप, पाखी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला हे शब्द कुणी शिकवणार नव्हतं, कारण दाखवायला त्या वस्तूच नाहीत. शेजारच्या आजी आमच्या सोप्याला पडसाल म्हणतात आणि परसूला हित्तल, तेही ती शिकली. आपल्या सीमाभागात भाषेवरून पुष्कळ झालं आणि होतं. त्याबद्दल माझी मतं आहेत, तुम्हाला ती माहीत आहेत, इथं पुन्हा सांगत नाही. पण घर दोन्ही भाषांत एकच आहे, एकाच मातीचं, एकाच पावसाला तोंड देणारं. शाळेत काय शिकवायचं ते आपल्या हातात फारसं राहिलेलं नाही. घराला सोपा ठेवायचा की नाही, ते अजून आहे.

आमच्या पश्चात या घराचं काय होईल मला माहीत नाही. मुलगा विकेल, ठेवेल, त्याची मर्जी. पाडायचं ठरलं तरी चिरे आणि वासे दुसऱ्या कुणाच्या घराला लागतील, जसे आम्हाला लागले.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, जिथं जिथं आपली मंडळी आहेत त्यांनी आपापल्या जुन्या घरांतल्या खोल्यांना काय म्हणत ते खाली जरूर लिहा. नातीला यादी पाठवायचीय. आणि प्लॅन मागू नका. घर बघायला या. सौ. म्हणते, जेवूनच जा. नव्या खोलीला दार आहे.